बोटभर खाली

आमच्या शेजाऱ्यानं गाडीला कॉइलओव्हर नावाचे स्प्रिंग बसवलेत. पान्यानं रिंग फिरवली की गाडीची उंची कमी-जास्त करता येते. त्यानं आजवर ती फक्त कमीच केली आहे. दर रविवारी तो चाक आणि पत्रा यांच्या फटीत बोटं घालून बघतो. दोन बोटं शिरली की त्याचा चेहरा पडतो. "लई उंच वाटायली," म्हणतो.

एकदा त्या नवरा-बायकोसोबत माजलगावला गेलो होतो. स्पीड ब्रेकर आला की तो नुसता आरशात बघायचा. मागं बसलेल्या वहिनी मुकाट उतरून, पदर सावरत चालत पलीकडं जायच्या. हलकी झालेली गाडी तिरकी होत, जपून जपून ब्रेकर ओलांडायची. मी पुढं बसलो होतो; पाहुणा म्हणून मला सूट होती.

परवा त्याची गाडी गॅरेजात होती, अजून बोटभर खाली करायला. म्हणून दोघं माझ्या जुन्या गाडीतून निघाले. पालीजवळ स्पीड ब्रेकर दिसला, मी वेग कमी केला आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"बसा वहिनी, ही गाडी उंच आहे," मी म्हणालो.

शेजारी समोर बघत म्हणाला, "उतरू द्या ओ. सवय मोडंल तिची."