इक्वलायझरच्या पाच पट्ट्या

गाण्याच्या यंत्राला 'एक्स्ट्रा बेस' नावाचं बटण ज्यानं पहिल्यांदा लावलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. छातीत धक्के बसले म्हणजे गाणं चांगलं, ही समजूत त्यानंच करून दिली. उमरग्याच्या बाजारात कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जा, प्लेअर दाखवताना दुकानदार आधी तेच बटण दाबतो आणि कसं घुमतंय म्हणून कौतुकानं आपल्याकडं बघतो. मी अशा चार-पाच दुकानांत भांडून आलोय. इक्वलायझरच्या पट्ट्या एका ओळीत सरळ ठेवाव्यात आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यानं जे भरलंय ते जसंच्या तसं ऐकावं, असं माझं मत. मत कसलं, खाजच ती.

वडलांना मी प्लेअर दिला तोही याच तोऱ्यात. सास्तूरला त्यांची पिठाची गिरणी होती. ती बंद करून ते नुकतेच घरी बसले होते. खिशात मावेल असा प्लेअर, बऱ्यापैकी इअरफोन, आणि आत गावच्या भजनी मंडळाची मी स्वतः केलेली रेकॉर्डिंग. वडील त्या मंडळात टाळ वाजवायचे. तीन संध्याकाळी मी देवळात पंखे बंद करायला लावून सगळ्यांना घामाघूम केलं होतं, तेव्हा कुठं ते मनासारखं झालं होतं.

आठ दिवसांनी धाराशिवहून घरी गेलो तर वडील म्हणाले, "चांगलं झालंय. पण ह्यात माझा टाळ न्हाय."

"हाय की आबा. नीट ऐका."

"ऐकलं लई बार. पेटी हाय, मृदंग हाय. टाळ न्हाय."

मी इअरफोन माझ्या कानात घातला. टाळ लख्ख वाजत होता. माझ्या रेकॉर्डिंगला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत, त्यात वडलांनी ठेवलेली तर मुळीच नाहीत. तरी मी दुसरे इअरफोन आणले. मग दुसरा प्लेअर आणला. दर वेळी त्यांचं एकच, टाळ न्हाय.

एका रविवारी मात्र ते खुशीत होते. "आता येतोय बघ टाळ," म्हणाले. मी ऐकलं आणि इअरफोन उपटून काढला. पेटी पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी, मृदंग गायब, आणि टाळ असा की कानात सुई गेल्यासारखं वाटावं. इक्वलायझर उघडून बघितला. पाच पट्ट्यांपैकी डावीकडच्या, जाड आवाजाच्या दोन तळाला, उजवीकडच्या, बारीक आवाजाच्या दोन पार टोकाला. माझं डोकंच फिरलं. दोन दिवसांपूर्वी ते गावातल्या दुकानात कार्डात आणखी भजनं भरून घ्यायला गेले होते, तेव्हा हे त्या दुकानदाराचंच काम, असं धरून मी तडक दुकान गाठलं आणि चार माणसांदेखत त्याला नको ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "सर, म्या फकस्त कार्ड भरलं. पट्ट्या तुमच्या वडलांनी हलवल्या. हितंच खुर्चीवर तासभर बसले हुते, एक वर, एक खाली करत."

यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी घरी आलो, वडलांसमोर बसलो आणि पाची पट्ट्या सरळ केल्या. "आबा, ह्याला पुन्हा हात लावायचा न्हाय. तुम्हाला ह्यातलं कळत न्हाय." हे मी बोललो, याच शब्दांत. पुढच्या रविवारी पट्ट्या पुन्हा वरखाली झालेल्या. मी पुन्हा सरळ केल्या, पुन्हा बोललो. असं दोनेक महिने चाललं. मग पट्ट्या सरळच राहायला लागल्या आणि आपण बापाला वळण लावलं म्हणून मी खूश झालो. त्याच सुमाराला त्यांनी भजनाला जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले, आम्ही मान डोलावली.

आमच्या घराचाही मला राग येतो. आम्ही सगळे पहिल्यापासून ओरडूनच बोलणार. गिरणी चालू असताना कोण कुणाला ऐकतंय? ज्वारी घेऊन आलेल्या बायका अंगठा बोटावर चोळून दाखवायच्या, म्हणजे बारीक दळा. मूठ दाखवली की भरडा. वडील मान हलवायचे आणि दळण बरोबर निघायचं. तीस वर्षं ज्याच्याशी सगळं गाव हातानं बोललं, त्याला काय ऐकू येतं नि काय नाही, हे कुणाला कळणार होतं?

कळलं ते उमरग्याच्या दवाखान्यात. वडलांच्या कानात मळ साचलाय म्हणून गेलो होतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी मळ काढला आणि त्यांना काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. मग एक कागद माझ्यापुढं ठेवला. त्यावरची रेघ डावीकडं ठीक होती आणि उजवीकडं घसरत पार तळाला गेली होती. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत, त्या म्हणाल्या. काम काय करायचे हे? गिरणी, मी म्हणालो. त्यांनी नुसतं हं केलं.

मला त्या पाच पट्ट्या आठवल्या. जिथं रेघ पडली होती, नेमक्या तिथल्याच पट्ट्या वडलांनी वर नेल्या होत्या. ज्या मापासाठी ह्या बाईंना एवढं यंत्र लागलं, ते त्यांनी दुकानातल्या खुर्चीवर बसून बोटानं काढलं होतं. आणि मी दर रविवारी जाऊन ते पुसत होतो.

बाहेर बाकड्यावर ते बसले होते. मला स्वतःची चीड आली होती, पण निघाली त्यांच्यावरच. "ऐकू येत न्हाय म्हणून एकदा तरी सांगायचं हुतं," मी ओरडलो. सगळे रोगी बघायला लागले.

"मला कुठं ठाऊक हुतं," वडील म्हणाले. "टाळ वाजवताना हाताला कळायचा. तू ह्यातला जाणता. तू पट्ट्या सरळ केल्या की टाळ जायचा. म्हणलं, खरं हेच असंल. आपला टाळ कुणाला ऐकूच जात नसंल. मग कशापायी जाऊन बसायचं भजनात?"