धारेची परीक्षा

काळेवाडीतल्या आमच्या सुताराच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एकही केस नाही. दुकानात त्यानं लाकूड घासायचं पट्ट्याचं सँडर टेबलावर उलटं आवळून बसवलंय. फिरत्या पट्ट्यावर पटाशी टेकवायची, लगेच पाण्यात बुडवायची, परत टेकवायची. "पातं तापून निळं पडलं की मेलं, राव," हे दर बुडवणीला ऐकवणार. शेवटी धार बघायला हातावरचे केस भादरणार. त्याशिवाय गडी लाकडाला पातं लावत नाही. स्वतःचे केस संपल्यापासून तो गिऱ्हाइकांकडे वळलाय. "हात द्या भाऊ. दुखत न्हाई." माझ्या डाव्या हातावर चौकोनी टक्कल आहे ते त्याचंच.

रविवारी आमच्या बाथरूमचं दार लागेना, आणि घरात हिंजवडीचे दाजी मुक्कामाला. मी बाह्यांची बटणं गच्च लावून सुताराला बोलावलं. ताजी धार लावलेलं रंध्याचं पातं त्यानं बाहेर काढलं, स्वतःचे हात पाहिले, माझ्या बाह्या पाहिल्या. मग त्याची नजर माझ्या मिशीवर येऊन थांबली.

"चालंल?"

दाजी माणूस सज्जन. कायम अर्ध्या बाह्यांत, आणि हातावर नुसतं रान.

"दाजी," मी आत हाक मारली, "जरा बाहेर येता का? चहा झालाय."