राहेलबाईंचं चित्र

सुप्याच्या सत्यशीलाला चित्रकला शिकवली ती रूबेन किहीमकर सरांनी. नगरच्या शाळेत सर तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होते. बायको, राहेलबाई, गेली आणि सर इस्रायलला लेकीकडे, दीनाकडे राहायला निघाले. जाताना आपल्या सात चित्रांची लाकडी पेटी त्यांनी सत्यशीलाच्या हवाली केली.

"सांभाळशील ना गं?"

"जिवापाड सांभाळीन, सर."

आठ वर्षं झाली. सत्यशीला आता नगरच्या एका संग्रहालयात प्रदर्शनं मांडायचं काम करत होती. यंदा ज्यू चित्रकारांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं, तेही जुन्या दगडी इमारतीत. चुन्याच्या भिंतींना खिळा मारायला मनाई, म्हणून बिभीषण सुताराकडून तिने उभ्या चौकटी करून घेतल्या. पश्चिमेच्या खिडक्यांना मांजरपाटाचे पडदे लावले. मुंबई-पुण्याची चित्रं येऊन पोचली. मधली चौकट मात्र तिने रिकामी ठेवली होती. तिथे राहेलबाई येणार होत्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणात, उशाशी बसून सरांनी काढलेलं ते चित्र. त्याचा फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. ते मधोमध लावणार, असं तिने सरांना कळवलंही होतं.

पेटी आणायला ती बिभीषणला घेऊन सुप्याला आपल्या घरी गेली. मागच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला लागून पेटी होती तशीच होती. बिभीषणने झाकण उचललं आणि हात मागे घेतला.

"म्याडम, वाळवी हाय. लई आतपर्यंत गेलीया."

सत्यशीला खालीच बसली. आठ वर्षांत तिने पेटीवरची धूळ कितीदा पुसली होती. उघडून एकदाही पाहिली नव्हती. पाच चित्रांचा भुगा झाला होता. एक कसंबसं शाबूत होतं. सातवं राहेलबाईंचं. त्यातला चेहरा गेला होता; चादरीवर ठेवलेले दोन हात तेवढे उरले होते.

संध्याकाळी तिने सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर सदरा घालून, केस विंचरून बसले होते.

"लागली का गं आमची मंडळी भिंतीवर?"

तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सरांनी एवढंच विचारलं,

"चेहरा?"

"नाही राहिला, सर. हात आहेत."

"मला आता आठवत नाही गं नीट तिचा चेहरा," सर म्हणाले. "म्हणूनच वाट बघत होतो."

मग त्यांनी फोन दीनाच्या हातात दिला.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. मधल्या चौकटीत तिने ते हातच लावले. लोक तिथे थांबायचे, मग पुढे जायचे. पाहुण्यांनी मांडणीचं कौतुक केलं, तेव्हा सत्यशीला मागच्या जिन्यावर जाऊन रडत बसली.

नंतर तिने सरांना किती फोन केले. दरवेळी दीनाच उचलायची. "पप्पा झोपलेत." प्रदर्शन संपल्यावर तिने विचारलं, ही दोन चित्रं कुठल्या पत्त्यावर पाठवू? पलीकडे दीनाने पप्पांना मराठीत काहीतरी विचारलं, म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं, ते तिला ऐकू आलं.

"तिथंच राहू दे म्हणावं. आता इथे आणून काय करू?"