झालरीची अकरा पाने

सातवी जेलीफिश वाळूत दाबून झाली, तेव्हा माझ्या वहीत ‘अनिर्णीत’ हा शब्द सातव्यांदा लिहिला गेला. ‘प्रयोग फसला’ असे मी कधी लिहीत नसे.

ही हकीकत साठच्या दशकातली. पालघरच्या शाळेत काही वर्षे विज्ञान शिकवून मी मुंबईच्या एका संग्रहालयात जीवाश्म विभागाचा असिस्टंट झालो होतो. जीवाश्म म्हणजे खडकात राहिलेली प्राचीन जीवाची खूण. आमच्याकडे ऑस्ट्रेलियातल्या एका जीवाश्माची प्लास्टरची प्रतिकृती आली होती. मूळ नमुना कँब्रियनपूर्व काळातला, म्हणजे हाडे आणि शिंपले असलेले प्राणी अवतरण्याच्याही आधीचा. त्यामुळे शिल्लक होता तो केवळ तळहाताएवढा लंबगोल ठसा; मधोमध एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक घड्या. हा जीव कोणत्या गटात घालावा, यावर अभ्यासकांत वाद होता. कोणी त्याला जेलीफिशचा नातलग म्हणे, कोणी चपटा कृमी.

मी जेलीफिशच्या पक्षात होतो. ठशाभोवती एक फिकट कडा होती. एका बाजूस रुंद, दुसऱ्या बाजूस जवळजवळ नाहीशी. ती म्हणजे भक्ष्य पकडणाऱ्या तंतूंची झालर, असे मी ठरवले. रुंद बाजूला तोंड असणार, हेही ठरवले. झालरीवर अकरा पानांचा लेख लिहिला आणि आकृतीत शाईने एकोणीस तंतू काढले. त्यांपैकी एकही ठशात दिसत नव्हता. पण त्यांच्यावाचून आकृती रिकामी वाटत होती.

“मंगळवारी संग्रहालयाचं बुलेटिन प्रेसला जातं,” आमचे विभागप्रमुख म्हणाले. “झालर खरी ना?”

“शंभर टक्के, सर.”

“मग जेलीफिशचा ताजा ठसा घेऊन या, शेजारी छापू. लेखाखाली नाव तुमचं आहे, माझं नाही.”

तो माझा पहिलाच लेख होता, आणि सासऱ्यांना बातमी आधीच कळवून झाली होती.

म्हणून रविवारी मी प्रतिकृती टॉवेलात गुंडाळून तारापूरच्या किनाऱ्यावर पोहोचलो. भरतीने टाकलेल्या जेलीफिश गोळा केल्या, ओल्या वाळूत दाबल्या, थांबलो, उचलल्या. प्रत्येक वेळी उरला तो एक ओला डाग. झालर नाही, रेघही नाही.

थोड्या अंतरावर एक वयस्क कोळीण आपल्या सुनेबरोबर वाळूवर मांडलेले लेपे उलटत होती. लेपा म्हणजे तळव्यासारखा चपटा मासा. माझा चष्मा आणि वही पाहून तिने मला मास्तर ठरवले.

“ओ मास्तर, सकाळपासून काय सुकवताय? त्ये नुसतं पानी हाय. दुपारला हातात काय ऱ्हानार नाय.”

“सुकवत नाही, मावशी. ठसा घेतोय.”

“कोनाचा? पान्याचा?”

सून पदर तोंडाला लावून हसली. मी विषय बदलण्यासाठी प्रतिकृती दाखवली. मावशींनी ती उन्हात तिरपी धरली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

“ह्यो सुकून आखडलाय.”

“नाही, नाही. ती झालर आहे.”

“कसली झालर! हिकडं या.”

त्यांनी परवा मांडलेला, अजून न उलटलेला एक लेपा अलगद उचलला. खाली वाळूची खारट खपली धरली होती. तिच्यावर माशाचा ठसा होता आणि त्याभोवती फिकट कडा. मासा आक्रसला होता. त्याची पहिली हद्द वाळूने जपून ठेवली होती.

“पण इकडे रुंद आणि तिकडे अरुंद का?” मी शेवटचा किल्ला लढवला.

“येक बाजू वाळूला चिकटते. दुसरी सरकते.”

माझ्या प्राण्याचे तोंड तिथेच नाहीसे झाले. मी आणखी चार लेपे उचलायला लावले. चौघांनीही मावशींचीच साक्ष दिली. एवढे आखडूनही घड्या टिकवणारे अंग पाण्याच्या गोळ्याचे असणे कठीण, हेही मला उमगले. पक्ष बदलण्याची माझी तयारी लगेच झाली.

“म्हणजे हा कृमीच असेल, मावशी?”

“त्ये मला काय म्हाईत? जिता कुठं बगितलाय मी त्याला?”

सोमवारी मी लेख परत मागितला. सरांनी कारण ऐकले, झालरीची अकराही पाने काढली आणि शीर्षकाचा कागद माझ्या हातात ठेवला.

“आता लेबलावर काय लिहायचं?”

“प्राणी असावा. गट अनिश्चित. कडा आकसल्याने उमटलेली असावी.”

“आणि हे कोणी तपासलं?”

“तारापूरच्या एका जाणकार बाई आहेत, सर. सुकवणीच्या.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि लेबल मंजूर केले. त्या अंकात माझ्या पानांच्या जागी वाचनालयाचे नियम छापले गेले. सासऱ्यांनी तेही वाचून काढले.

ठशाचे वर्णन करण्यापूर्वी जीव कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते, एवढे पाहून घ्यावे. वहीत आठव्या प्रयोगापुढे ‘निर्णीत’ असे लिहिले आहे. तो प्रयोग मी केलेला नव्हता.