खोट्या यादीतले अप्पा

औशाच्या गिरणीत बसवंतअप्पा दळणाच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत होते, तेव्हा फोन आला. लातूरच्या रक्तपेढीतून. बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवंय, येता का? आपलं नाव तिथं कधी लिहिलं, ते अप्पांना आठवेना. पण बोलावलंय म्हणजे नड असणार. त्यांनी हात धुतले, गिरणीला कुलूप घातलं आणि लातूरची एस.टी. धरली.

त्या रक्तपेढीचा प्रोग्राम त्यांच्याच मुलीनं, सुकन्यानं लिहिलेला. दुपारी तिला रक्तपेढीतल्या पंचशीलाचा फोन आला.

"तुझे वडील बाही वर करून बसलेत. यादीत चाळीस वर्षांचे, समोर सत्तरीचे. दुसरं कुणी मिळंना झालंय."

सुकन्यानं सकाळची नोंद उघडून पाहिली. सकाळी प्रोग्राम तपासायला तिनं एक रक्तदाता भरला होता. नाव सुचेना म्हणून अप्पांचं. नंबर पाठ होता, गट घरचाच. वय तेवढं चाळीस टाकलं, कारण म्हाताऱ्याला प्रोग्राम घेत नाही. ही चाचणी रिकाम्या डेटाबेसवर चालायला हवी होती. ती थेट खऱ्या यादीत गेली होती.

ती रिक्षानं पोचली. अप्पांनी बाही अजून खाली केली नव्हती.

"वय बसत न्हाई म्हनतात," ते म्हणाले. "मंग बलावलं कशाला?"

"मी बलावलं, अप्पा. चुकून." ती पंचशीलाकडं वळली. "माझा गट तोच आहे. माझं घे."

"जेवलीस का?" पंचशीलानं विचारलं.

"हाव."

तपासण्या होऊन संध्याकाळी पिशवी वॉर्डात गेली. बाळंतीण सावरली, असा पंचशीलाचा निरोप येईपर्यंत बाप-लेक बाकावरून हलले नाहीत.

"अप्पा, टाकी लावल्यावर पहिलं दळण कशाचं घालता?"

"घरच्या किडक्या ज्वारीचं. दगडाची कच निघती. गिऱ्हाइकाचं कशाला नासवायचं?"

"मी गिऱ्हाइकाचंच घातलं."

"दिसलं न्हाई का?"

"रक्तदात्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रामचा जो तुकडा हाय, क्लास म्हनतात त्याला, तो डेटाबेसची जोडणी सोताच करतो. जात्याला एकच पोतं शिवून टाकल्यावानी. बाहेरून काहीबी सांगा, तो त्याच पोत्यात हात घालतो."

"शिवलं कुणी?"

"मीच."

हातातल्या पुड्यातलं बिस्कीट अप्पांनी तिच्यापुढं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं शिवण उसवायला घेतली. डेटाबेसला हात लावणारे सगळे क्लास एकेक करून शोधून काढले. जोडणी करण्याचं काम त्यांच्याकडून घेतलं. आता क्लास तयार करतानाच जोडणी बाहेरून त्याच्या हातात द्यायची. रक्तपेढीत खरी, चाचणीत खोटी. क्लासला फरक कळायचं कारण नाही. तो दिलं ते दळतो. काम किचकट होतं. एक क्लास राहिला तरी सगळं वाया. तिनं एकही राहू दिला नाही.

सणाला ती औशाला आली, तेव्हा अप्पांनी विचारलं, "माझं नाव काढलं का?"

"खऱ्या यादीतून काढलं. चाचणीच्या खोट्या यादीत हाय."

"वय?"

"चाळीसच."

अप्पा पिठाळ हात झटकत हसले. "ऱ्हाऊ दे."

"तिथं तुमी रोज रक्त देताव, अप्पा. कदी न्हाई म्हनत न्हाईत."

"मंग जेवाय घालत जा त्याला," अप्पा म्हणाले, आणि गिरणी सुरू केली.