नाकाने फोन कापणाऱ्या काकू

लोकरवाल्या काकू नाकाने मोबाईल चालवायच्या. खरंच सांगते. दोन्ही हातात सुया, मांडीवर लोकरीचा गोळा, समोर डब्याला टेकवलेला फोन, अन् त्यात कोणीतरी बाई विणकाम शिकवून राहिली. बाई भरभर बोलायला लागली की काकू वाकायच्या, नाकाच्या शेंड्याने टक्क, व्हिडिओ बंद. मी लग्न होऊन खमरियाच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा खिडकीतून पहिल्यांदा हे पाहिलं, तर मला वाटलं, ह्या बाई फोनच्या पाया पडून राहिल्या की काय. मी विचारलं तर म्हणाल्या, "देवाने नाक काय फक्त नथीसाठी दिलं? तू पण शीक."

त्यांची अन् आमची भिंत एकच. काका अन् आमचे हे एकाच फॅक्टरीत, फक्त काका रिटायरमेंटला आलेले अन् हे नवीन लागलेले. माझं माहेर गोहलपूरचं, शिक्षण आठवीपर्यंत, ते पण हिंदीत, अन् स्वभाव असा की जोरात दार वाजलं तरी घाबरायची. काकूंचा स्वभाव उलटा. फोन वाजो, कुकरची शिटी होवो, दारात कोणी उभं असो, त्यांचं एकच, "थांब, ओळ पुरी होऊ दे." काका बाहेरून ओरडायचे, "अगं, उचल तो फोन! कोणी मरून राहिलं असेल!"

"मग तर माझ्याने काय होणार आहे?" काकू आतून.

आमच्या लाइनीतल्या बायकांची भिशी पण काकूच चालवायच्या. लोकरीच्या टोपलीत चिठ्ठ्या टाकायच्या, अन् ज्या बाईची चिठ्ठी निघाली तिला म्हणायच्या, "नवऱ्याला सांगू नको, आधी स्वतः ठरव काय करायचं ते." माझी निघाली तेव्हा मी लगेच ठरवलं, आमच्या पोरीला, गुड्डीला, चांगल्या शाळेत टाकायचं. माझ्यासारखं आठवीत घरी नाही बसवायचं तिला. पैसे ह्यांच्या खात्यात टाकले, कारण घरात मोबाईल एकच, ह्यांचा, अन् खातं पण त्यालाच जोडलेलं. फॅक्टरीत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून ड्युटीला जाताना हे फोन घरीच ठेवून जायचे. ड्युटीभर मग ह्यांचा काही पत्ता नाही. भोंगा वाजला, गेट उघडलं, की माणूस दिसणार.

एक दिवस दुपारी गुड्डीला भरवून राहिली होती अन् फोन आला. व्हिडिओवाला. उचलला तर समोर खाकी वर्दी, टोपी, मागे झेंडा. ह्यांचं पूर्ण नाव घेतलं त्याने. म्हणे, "आप उनकी वाइफ? आपके पति गेट पर सरकारी माल के साथ पकड़े गए हैं. केस बना तो नौकरी गई, जेल अलग." माझ्या हातातला घास खाली पडला. मागे कोणी माणूस रडून राहिला होता, मला तो ह्यांचाच आवाज वाटला. म्हणे, आत्ताच्या आत्ता पैसे टाका तर इथेच मिटवतो, फोन कापू नका, कोणाला सांगू नका. अन् खात्यात तर गुड्डीच्या शाळेचे पैसे! मी म्हटलं, "डालती हूं भैया, उनको मारना मत." पण टाकायचे कसे ते मला धड येत नव्हतं, इंग्रजी अक्षरं नुसती डोळ्यासमोर नाचून राहिली. मग गुड्डीला कडेवर घेतलं, फोन तसाच चालू, अन् पळत काकूंकडे.

"काहून रडून राहिली?" काकू सुया न थांबवता म्हणाल्या.

मी फोन त्यांच्यासमोर डब्याला लावून दिला. खाकीवाल्याने त्यांना पण तेच ऐकवलं, अजून जोरात. काकूंनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "अच्छा. ज़रा उनसे बात करवा दो."

"बात नहीं हो सकती. उनका मोबाइल ज़ब्त है. ये मेरी टेबल पर रखा है, इसी में से तो मैडम का नंबर निकाला."

काकूंच्या सुया थांबल्या. मी त्यांना ओळीच्या मधे थांबलेलं कधीच पाहिलं नव्हतं. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझ्या नवऱ्याचा मोबाईल कुठे आहे?"

"त्यांनी जप्त केला ना काकू, सांगून राहिले ना ते!"

"मग हे समोर काय आहे? लाटणं?"

मी पाहिलं. तोच फोन. ह्यांचाच. कोपऱ्यात तडा गेलेला, मागे गुड्डीने चिकटवलेलं स्टिकर. ज्या फोनवर तो माणूस मला सांगून राहिला होता की फोन त्याच्या टेबलावर आहे, तोच फोन मी रडत रडत आणला होता.

"ओ माताजी!" तो ओरडला. "टाइम वेस्ट मत करो, पैसा भेजो!"

"भैया," काकू म्हणाल्या, "टेबल ठीक से देखो, चश्मा लगाके." अन् वाकल्या. त्या माणसाच्या पडद्यावर नुसतं नाकच नाक दिसलं असेल. टक्क. फोन बंद.

मला हसू का रडू ते समजेना. डोक्याला कळलं होतं की हे खोटं आहे, पण तोंडातून एकच निघे, "पण काकू, हे ठीक असतील ना?" दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, वेडी आहेस काय, आत्ताच तर पाहिलं. काकू तसं नाही म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या अन् म्हणाल्या, "डोळ्याने पाहिल्याशिवाय तुझ्या घशाखाली पाणी पण उतरणार नाही. चल गेटवर."

गुडघेदुखीमुळे काकू कोपऱ्यावरच्या दुकानात पण जात नव्हत्या. त्या दिवशी माझ्याबरोबर गेटपर्यंत पायी आल्या. भोंग्याला वेळ होता. सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसून पिशवीतून विणकाम काढलं अन् मला दाखवलं. मधेच टाके निसटलेले, ओळ पूर्ण बिघडलेली. म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मी नाही घाबरली? वर्दी पाहून मला पण आधी खरंच वाटलं होतं." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! मला वाटायचं घाबरणं म्हणजे माझ्यातच काही खोट आहे.

भोंगा झाला. माणसं निघाली, सायकली, स्कूटर, एकच गर्दी, अन् त्यात आमचे हे, रिकामा डबा हलवत, कोणाशी तरी हसत. मला पाहिलं अन् त्यांचंच तोंड उतरलं. पळत आले. "काहून आली? गुड्डीला काय झालं?"

मी नुसता त्यांचा शर्ट धरला. काकू म्हणाल्या, "काही नाही रे. म्हटलं, तुला पाहून यावं. पाहिलं. काही खास नाहीस. चला घरी."

त्यानंतर मी फोनला हात लावणं सोडलं. वाजला की उशीखाली दाबून ठेवायची. काकूंनी काही दिवस पाहिलं. मग एका सकाळी पनागरची मटारवाली आली तर मला बाहेर ओढलं. "पैसे फोनने दे."

"नको काकू. चोर बसले आहेत त्यात."

"चोर आला म्हणून दार विटांनी बुजवायचं काय? मग तू बाहेर कशी निघशील?"

एकेक बटण त्यांनी माझ्याच बोटाने दाबवलं. मटारवालीच्या टोपलीतला डबा जोरात बोलला, पैसे आले म्हणून. ती म्हणाली, "आ गए दीदी." बस, एवढंच. मी इतका मोठा श्वास सोडला की मटारवालीने विचारलं, "तबियत ठीक है न?"

गुड्डी त्याच वर्षी शाळेत गेली. पुढच्या वर्षी काका रिटायर झाले. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, इथे सगळ्यांचं असंच. मुलगा नागपूरला, तिकडे जायचं ठरलं. सामान आधीच ट्रकने गेलेलं. निघायच्या दिवशी हे ड्युटीवर, काका चाव्या द्यायला ऑफिसात. स्टेशनला जायची गाडी मीच फोनवरून बोलावली. रिकाम्या खोलीत काकू एका सुटकेसवर बसल्या होत्या अन् गुड्डी त्यांना शाळेतली कविता म्हणून दाखवत होती.

फोन वाजला. अनोळखी नंबर. छातीत धडधड झालीच, ती काय जाते? काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी उचलला. "हां भैया, बोलो. नहीं, उधर से मत आना, रास्ता खुदा है. पानी की टंकी से सीधे आओ. मैं बाहर खड़ी हूं."

अन् खरंच बाहेर जाऊन उभी राहिली, त्यांच्या गाडीला हात दाखवायला.