नंबरकाकांचे बावीस संसार

पाय न दुखणारा उमेदवार अजून जन्माला यायचाय, पण नंबरकाकांच्या पायांचे हाल बघवत नव्हते. वय चौसष्ट. सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात स्टुलावर बसून लोकांचे नंबर काढण्यात गेलेलं, आणि आता तीन आठवडे नुसते जिने. बेल वाजवायची, हसायचं, पत्रक द्यायचं, उतरायचं, पुढच्या इमारतीत शिरायचं. हसून हसून गाल आखडले होते आणि घसा तर पहिल्याच आठवड्यात बसला होता.

राज्याच्या विधानसभेसाठी ही त्यांची तिसरी खेप. पहिल्यांदा सपाटून आपटले, दुसऱ्यांदा थोडक्यात हुकलं. या वेळी समोरच्यांचं आपसातच फाटलं होतं, त्यामुळे काका निवडून येणार असं न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणत होते. काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त एकदाचं बसायचं होतं.

त्यात लोकांनी त्यांना उमेदवार म्हणून कधी गंभीरपणे घेतलंच नाही. दार उघडलं की, 'बरं झालं काका आलात,' म्हणत माणूस आत जायचा आणि ढिला झालेला चष्मा घेऊन यायचा. काकांच्या खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर आणि काडेपेटीत स्क्रू असायचेच. मताची गोष्ट दोन मिनिटं, चष्म्याची दहा. एका आजोबांनी तर मत देण्याचं कबूल करून चार चष्मे पुढ्यात मांडले. त्यातला एक शेजाऱ्यांचा होता. सोबतचे कार्यकर्ते घड्याळ बघून वैतागायचे, पण काकांचा हात चष्मा दिसला की थांबत नसे.

काका ढोंगी नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा पक्ष जुन्या वळणाचा. घर टिकावं, वडीलधाऱ्यांचा शब्द राहावा, कायद्यानं कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये, असं मानणाऱ्यांचा. काकांचा यावर मनापासून विश्वास होता. काडीमोड सोपा करणाऱ्या कायद्याविरुद्ध ते भर चौकात बोलले होते, तेही अशा काळात, जेव्हा तसं बोलणाऱ्याला लोक हसत होते.

आणि नुसतं बोलले नव्हते. दुकानातल्या पडद्यामागे, जिथं डोळे तपासायचे, तिथं लोक त्यांना घरची भांडणंही सांगत. अंधारात, एक डोळा झाकून, भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता माणूस मोकळं बोलतो. मग काका नवऱ्याला बोलावून घेत, चार शब्द सुनावत, बायकोला चार शब्द समजावत आणि तिला परत पाठवत. पक्षाच्या चिटणिसानं हे बरोबर हेरलं आणि पत्रकावर ठळक छापलं: 'अठरा वर्षांत बावीस संसार सावरले.' खाली काकांचा कुटुंबासोबतचा फोटो. काका, काकू, लेक आणि जावई.

ती लेक मंगळवारी सकाळी बॅग घेऊन आली.

काका तेव्हा कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते. लेकीनं 'आले मी' एवढंच म्हटलं आणि चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. डावी काडी बिजागरीपाशी आत वाकली होती आणि दोऱ्यानं बांधली होती. दाराला लागलं, म्हणाली.

चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला चष्मा काय झालंय ते सांगतो. वर कुणी बसलं तर दोन्ही काड्या फाकतात. जमिनीवर पडला तर काचेच्या कडेचा टवका उडतो. दाराला लागलं तर पुढची चौकट वाकते. डावी काडी अशी आत वळते ती एकाच गोष्टीनं, आणि समोरचा माणूस उजव्या हाताचा असला तर. काकांनी असे चष्मे खूप दुरुस्त केले होते. बाया दाराचंच नाव सांगत, काका मान हलवत, स्क्रू बसवत आणि काडी सरळ करून देत.

त्यांनी लेकीचीही काडी सरळ केली. विचारलं काहीच नाही. पाणी गार झालं तरी पाय बाहेर काढायचं त्यांना सुचेना.

दुपारपर्यंत चिटणिसाच्या कानावर गेलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण निवडणुकीच्या दिवसांत त्याला माणसं नुसती कामाची आणि अडचणीची अशी दोनच प्रकारची दिसत. शेवटच्या सभेत उमेदवाराचं सगळं घर मंचावर उभं करायची पक्षाची पद्धत होती. जावई हवाच. चिटणीस खुर्चीच्या कडेवर बसून हळू आवाजात म्हणाला, "काका, दहा दिवस. मतदान होऊ द्या, मग तिला कायमची आणा. मी स्वतः बॅग उचलतो."

काकू भांडी लावत होत्या. त्यांनी आवाज न करता फडताळ बंद केलं आणि आतल्या खोलीत लेकीपाशी गेल्या. काकांनी चिटणिसाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळच्या फेरीला उशीर होतोय, एवढं म्हणून ते उठले.

त्या फेरीत तिसऱ्या मजल्यावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं दार उघडलं. काकांनी तिला लगेच ओळखलं. तीन वर्षांपूर्वी पडद्यामागे रडली होती. काकांनी तिची समजूत काढून तिला परत पाठवलं होतं आणि त्यानंतर तिचा चष्मा तीनदा दुरुस्त केला होता. बाईनं पत्रक घेतलं, डोळ्यांजवळ धरून शांतपणे वाचलं.

"काका, या बावीसमध्ये मी आहे का?"

रागानं नाही. यादीत आपलं नाव आलंय का, असं कुणी कचेरीच्या खिडकीपाशी विचारावं, तसं.

"आहेस," काका म्हणाले.

"बरं," बाई म्हणाली. मग मताची काळजी करू नका म्हणाली. घरातली सगळी मतं कुणाला द्यायची ते नवराच ठरवतो आणि त्यानं काकांचं नाव सांगून ठेवलंय. काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, पण तिनं या वेळी चष्मा पुढे केला नाही. दार हलकेच लावून घेतलं.

पुढचे दोन मजले काकांनी कार्यकर्त्यांवर सोडले आणि जिन्यातच बसले. बावीस संसार म्हणजे बावीस बाया. त्यांपैकी परत जाऊन कोण कशी राहिली, हे त्यांनी एकीलाही विचारलं नव्हतं. भांडण मिटलं की हिशेब संपला, असं धरून चालले होते. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त थकवा वाटला. या वयात आपण चुकत होतो हे कळणं फार अंगावर येतं.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. लेक पुढच्या खोलीत बसली होती, कपडे बदलून, केस विंचरून. बॅग पायाशी.

"बाबा, मी जाते परत," ती म्हणाली. "दहा दिवसांचाच प्रश्न आहे ना. सभेला त्यांना घेऊन येते. पुढचं पुढे बघू."

काकांच्या तोंडून एक लांब श्वास सुटला. तीन आठवड्यांत असा श्वास त्यांनी सोडला नव्हता. खांदे खाली आले, कपाळ सैल झालं. हे त्यांनी ठरवून केलं नाही, शरीरानं आपलं आपण केलं. क्षणभरच. पण लेक त्यांच्याकडेच बघत होती.

ती उठली आणि बॅगेचा पट्टा हातात घेतला.

"थांब," काका म्हणाले. "जाऊ नकोस."

ती थांबली. काकांनी तिच्यासमोरच चिटणिसाला फोन लावला. मंचावर जावई नसेल आणि त्या बावीस संसारांबद्दल मी बोलणार नाही, असं सांगितलं. पलीकडून चिटणीस बराच वेळ बोलत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, मग तुम्ही बोलणार तरी काय? काकांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले.

"मी जाते म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटलं ना?" लेकीनं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. तीन आठवडे ते दारोदार लोकांना आवडेल तेच बोलत होते.

"हो," ते म्हणाले. "वाटलं."

लेकीनं मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, कारण त्यांना वाकवत नव्हतं, हे तिला दिसत होतं. दुसरा बूट काढता काढता वर न बघता म्हणाली, "आज राहते. उद्या सकाळी पुन्हा विचारीन, थांबू की जाऊ."

मतदानाला अजून दहा सकाळी होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येक सकाळी आपण काय उत्तर देऊ, याची काकांना खात्री नव्हती.